होडीची रेघ

रविवारी सकाळी कळंबोलीला, एक्स्प्रेस-वे सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे, एका चहाच्या टपरीवर काही शहाणी माणसं जमत. शहाणी अशासाठी की स्वतःच्या घराचं दार नीट लागत नसलं तरी त्यांना चाले, पण तिकडे इटलीत कुणी गाडीचा मागचा दिवा वाकडा काढला तर इकडे ह्यांच्या जिवाला घोर लागे. मुंबईचे पैसेवाले त्याच वेळी आपापल्या सुपरकार घेऊन लोणावळ्याकडे निघत. लाल, पिवळ्या, पोपटी. त्या गरजत समोरून गेल्या की टपरीवर निकाल लागे. कुणाचं नाक बरं, कुणाचं बूड बेढब, कुणाच्या अंगावर नुसतीच भोकं.

निकाल देणारे न्यायाधीश उदयसिंह निंबाळकर. पुण्याच्या एका मोटार कारखान्यात डिझाइनच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि नवीन पनवेलला फ्लॅट घेऊन राहिले. शर्ट कायम इस्त्रीचा, बोलणं सावकाश आणि गाडीकडे बघताना मान किंचित तिरकी.

"नव्या गाड्यांना चेहराच नाही, नुसता राग आहे," ते म्हणत. "कुणावर रागावल्यात ते त्यांनाही माहीत नसेल. जुन्या गाडीची रेघ माणूस हाताने काढायचा, एका दमात. पुढच्या दिव्यापासून निघाला की मागच्या दिव्याशी श्वास सोडायचा. आता कॉम्प्युटर काढतो, आणि बिघडलं की वर एक पंख लावून देतात."

"काका, तो पंख शोभेला नसतो," दीपेश उसळायचा. हा बेलपाड्याचा, तिशीतला, बांधकामाच्या धंद्यातला. त्याच्याकडे जुन्या बाजारातून घेतलेली एक जर्मन स्पोर्ट्स कार होती आणि तिच्या बाजूने तो वकिलासारखा भांडे. "अडीचशेच्या स्पीडला गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून असतो तो. तुमची जुनी सुंदरी त्या स्पीडला विमान होईल. ब्रेक कळंबोलीला दाबला तर खोपोलीला थांबेल. आणि भोकं काय हौस म्हणून पाडतात? ब्रेकला वारा लागायला पाडतात. जी गोष्ट काम करते ती मला सुंदरच दिसते."

"मग जेसीबीलाही सुंदर म्हण."

"हायच! माझं घर त्याच्यावर चालतं."

टपरी हसे, चहा पुन्हा सांगितला जाई. कमळाकर घरत ह्या वादात फारसा पडत नसे. सुकापूरचा माणूस, आगरी, साठीला टेकलेला. शेतं गेली, त्यांवर इमारती आल्या, आणि रीतीप्रमाणे दारात एक टोलेजंग एसयूव्हीही आली. पण रविवारी तो ती घरी ठेवून 'होडी' घेऊन यायचा. होडी टपरीसमोर उभी राहिली की त्याला तोंड उघडायची गरजच उरत नसे.

होडी हे गावानं ठेवलेलं नाव, आणि ते कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. कमळाकरच्या बापाला, बाळारामला, मिठागरातून चार पैसे सुटत होते तेव्हाची गोष्ट. त्यानं अपघातात चेपलेली एक स्टँडर्ड हेरल्ड मोटार घेतली. वरचं अंग गेलेलं, खालचा सांगाडा आणि इंजिन धड. नवं अंग कोण करणार? बाळारामनं सांगाडा उचलून मोऱ्याच्या बंदरावर नेला, होड्या बांधणाऱ्या हिराजी सुताराकडे. हिराजीनं जन्मात गाडी बांधली नव्हती. त्यानं बांबूची एक लांब कांब वाकवली, एक डोळा मिटला, पुन्हा वाकवली, आणि त्या बाकानं लाकडाचा साचा उभा केला. त्या साच्यावर पनवेलच्या एका पत्रेवाल्यानं पत्रा ठोकून बसवला. जी गाडी बाहेर आली तिच्यात सरळ रेघ म्हणून नव्हती. नाक किंचित वर, पोट भरलेलं आणि मागे निमुळती होत गेलेली. तिला निळा रंग दिला, तोही होडीचाच.

गाडी घरी आली त्या दिवशी हिराजीनं तो साचा स्वतःच्या हातानं फोडला आणि त्या लाकडांवर मटण शिजवलं. "एका घरची होडी एकाच घरी," तो बोलला होता. "दुसरी करायची नाय." बाळारामनं ही गोष्ट मरेपर्यंत सांगितली. लोक ऐकायचे आणि पाठीमागे हसायचे. हौसेला मोल नसतं हे खरं, पण दुसऱ्याच्या हौसेला लोक शेणाचंही मोल देत नाहीत. बाप गेल्यावर कमळाकरचे भाऊबंद बोलले, भंगारात घाल. त्यानं घातली नाही. का घातली नाही, हे मात्र त्याला सांगता यायचं नाही. बापाची आठवण, एवढंच तो बोले, आणि ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं उदयसिंहांनी सांगितलं. बारा-तेरा वर्षांपूर्वी ते टपरीवर पहिल्यांदा आले, होडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मान तिरकी केली. मग म्हणाले, "ही रेघ एका दमात काढली आहे. जगात अशी दुसरी गाडी नाही." कमळाकरच्या डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर तो जे बघत होता त्याला पहिल्यांदा कुणीतरी शब्द दिले होते. त्या दिवसापासून उदयसिंह त्याचे 'उदयराव' झाले आणि आशालताचे, म्हणजे कमळाकरच्या बायकोचे, भाऊजी. तांदळाची भाकरी आणि सुका जवळा हा माणूस घाटावरचा असून इतका आवडीनं खाई की आशालता त्यांचं ताट कधी रिकामं दिसू देत नसे.

होडीच्या डाव्या मागच्या चाकावर, पत्रा जिथे सर्वांत भरून आलाय तिथे, तळहाताएवढी एक खोलगट जागा आहे. कमळाकर लहानपणी गणपती विसर्जन बघायला तिथे चढला होता, त्याच्या गुडघ्यानं पडलेली. पत्रेवाला ठोकून सरळ करायला आला तेव्हा बाळारामनं त्याला परत पाठवलं. "ऱ्हाऊं दे, पोराची खूण हाय ती." ही गोष्टही उदयरावांना ठाऊक होती. त्यांना ठाऊक नाही असं होडीचं काहीच उरलं नव्हतं.

गेल्या वर्षी ते एके दुपारी घरी आले आणि म्हणाले, "कमळाकर, मला एक भीती वाटते. उद्या एखाद्या डंपरनं मागून ठोकलं, तर? हिचा नकाशा कुठेच नाही. साचा तर त्या म्हाताऱ्यानं जाळून टाकला. गेली म्हणजे गेलीच. मी पुठ्ठ्याचे साचे करून ठेवतो. तुझ्याकडेच राहतील."

कमळाकरला हिराजीचं बोलणं आठवलं. पण रस्त्यावरचे डंपरही त्यानं पाहिले होते. आणि विचारणारे उदयराव होते. तो बोलला, "करा." उन्हाळाभर उदयराव दुपारी यायचे, पुठ्ठा पत्र्याला लावून पेन्सिलीनं रेघ ओढायचे, कातरीनं कापायचे, पुन्हा लावून बघायचे. डावीच बाजू ते मापत होते. उजवी तशीच धरायची, म्हणाले. कमळाकर पुठ्ठे धरून उभा राही. इतक्या मायेनं गाडीला हात लावणारा माणूस त्यानं बापानंतर पाहिला नव्हता. पावसाळा आला, तेव्हा साचे पक्के करायला म्हणून उदयराव ते घरी घेऊन गेले. पुढे त्यांचा गुडघा दुखू लागला आणि ते रविवारचे दिसेनासे झाले.

ह्या दिवाळीनंतर दीपेशनं एक बातमी आणली. कुठलीशी नवी कंपनी विजेवर चालणारी सुपरकार काढतेय, खारघरला एका हॉटेलच्या हिरवळीवर संध्याकाळी तिचं पहिलं दर्शन आहे, आणि त्याला चार पास मिळालेत. "चला काका, नावं ठेवायला तरी चला," तो म्हणाला. कमळाकर हसत तयार झाला. उदयरावांना फोन केला तर ते गावी गेले होते.

हिरवळीवर धूर सोडला होता, छाती हादरेल असं संगीत होतं, आणि गोल फिरणाऱ्या पाटावर कापडाखाली गाडी. कापड ओढलं. पुढून बघितली तर नेहमीचीच तऱ्हा, डोळे वटारलेले आणि तोंडाला जाळी. कमळाकरनं दीपेशला कोपर मारलं. "हिला पन राग आलाय बग."

मग पाट फिरला.

कमळाकर पुढे वाकला. ते भरलेलं पोट, ते निमुळतं होत जाणं, तो बाक. रंग चांदीचा होता, चाकं परातीएवढी होती, पण अंधारात नुसता हात फिरवला असता तरी त्यानं ती रेघ ओळखली असती. आणि मागच्या चाकावर ती खोलगट जागा. पाट आणखी फिरला. दुसऱ्या बाजूलाही होती, तशीच, तिथेच. डाव्या बाजूचा साचा उलटा करून उजवीला लावला होता.

"मागच्या चाकावरची ही हलकीशी खोलगट जागा," माईकवरची मुलगी सांगत होती, "ही ह्या गाडीची ओळख आहे. वाऱ्याच्या अनेक महिन्यांच्या अभ्यासातून ती जन्माला आली."

कमळाकरचा गुडघा वाऱ्याच्या अभ्यासातून जन्मला होता! दुसरी वेळ असती तर तो खो-खो हसला असता. दीपेश मात्र हसत नव्हता. त्यानं एकदा गाडीकडे बघितलं, एकदा कमळाकरकडे, आणि हळूच म्हणाला, "काका, ही तर आपली होडी हाय."

मग टाळ्या झाल्या आणि जे गावी गेले होते ते मंचावर चढले. नवा कोट, मान तिरकी. ह्यापुढे त्यांना अहो-जाहो करायला खरं म्हणजे माझी जीभ वळत नाही. पण कमळाकर शेवटपर्यंत करत राहिला, तेव्हा आपणही करू. उदयसिंह माईकवर म्हणाले, "ही रेघ मी आयुष्यभर मनात सांभाळली होती. आज ती तुमच्या स्वाधीन करतो."

बापाचं नाव नाही. हिराजीचं नाही. मोरा नाही, सुकापूर नाही. कमळाकर खुर्चीत बसून राहिला, आणि त्याला राग येण्याआधी लाज वाटली. चोरी झाली त्याला लाज वाटावी, हा कुठला न्याय? पण तसंच झालं. आपणच पुठ्ठे धरले होते, हे त्याच्या मनातून जाईना.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं उदयसिंहांना गाड्या लावतात तिकडे गाठलं. दीपेशला त्यानं लांबच थांबवलं. उदयसिंह त्याला बघून दचकले, मग सावरले.

"मी तुला सांगणारच होतो, कमळाकर."

"कवा? गाडी रस्त्यावर आल्यावर?"

"आधी विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग नाय तर नाय. विचारायचं तरी होतं."

उदयसिंहांचा आवाज चढला. "तीस वर्षं मी त्या कारखान्यात दरवाज्यांच्या कड्या आखल्या. कड्या! रस्त्यावर लाखो गाड्या धावतात, आणि एकीवरही मी बोट ठेवून म्हणू शकत नाही, की ही माझी. तुझ्या गॅरेजात ती रेघ गंजून मेली असती. मी तिला जिवंत ठेवली. आणि रेघ काही कुणाच्या बापाची नसते."

"ही हाय," कमळाकर बोलला. "माज्या बापाची हाय."

उदयसिंह खाली बघत राहिले. मग त्यांनी कमळाकरचा हात धरला आणि त्यांचे डोळेही भरून आले, किंवा कमळाकरला तसं दिसलं. "चुकलं माझं. इथे कंपनीची माणसं आहेत, इथे मला बोलता येत नाही. रविवारी टपरीवर येतो. चारचौघांसमोर सांगतो, मूळ गाडी कुठली ते. शब्द देतो."

कमळाकरनं शब्द घेतला. भोळा म्हणा हवं तर. पण ज्याच्या डोळ्यांनी आपण बघायला शिकलो तो माणूस खोटा धरायचा, तर मग आपण जे बघितलं त्याचं काय करायचं? घरी येऊन त्यानं आशालताला सगळं सांगितलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग बोलली, "केसानं गला कापला की भाऊजींनी. पन कबूल करतील तं सोडून द्या. मानूस तोडायला येल लागत नाय."

"मी पन तेच ठरवलंय," कमळाकर बोलला.

आठवडाभर त्या चांदीच्या गाडीचे व्हिडिओ ज्याच्या-त्याच्या फोनवर फिरत होते. गावातली तीच पोरं, जी होडीला भंगार म्हणायची, त्या मागच्या बाकावर जीव टाकत होती. दीपेश रोज फोन करून विचारी, "लिहू का काका? फोटो टाकू का जुने?" कमळाकर त्याला थांबवी. "रविवारपर्यंत दम धर. उदयराव बोलनार हायत." नव्या गाड्यांचा वकील होडीसाठी पेटून उठला होता आणि जुन्यांचे न्यायाधीश फोन उचलत नव्हते. तरीही कमळाकरनं दम धरला.

रविवारी त्यानं होडी धुतली, पुसली आणि टपरीवर नेली. त्या दिवशी गर्दी जास्त होती. लोकांनी होडीला वेढाच घातला आणि फोन वर झाले. इतकी माणसं तिच्याभोवती कधी जमली नव्हती. बापानं हे बघायला हवं होतं, असं क्षणभर कमळाकरला वाटून गेलं.

"काका, भारीच!" एक मुलगी पुढे आली. तिनं आपलं नाव रिया सांगितलं, गाड्यांचे व्हिडिओ करते म्हणाली. "किती लवकर केलीत? ती नवी गाडी येऊन आठवडाच झालाय आणि तुमची कॉपी तयारसुद्धा!"

"कॉपी?" दीपेश पुढे सरसावला. "अगं, ही कवाची हाय ते विचार आधी! हिच्यावरून—"

कमळाकरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊं दे. सांगनारा मानूस येतोय. आपल्या तोंडानं सांगन्यात मजा नाय."

आणि उदयसिंह आले. एकटे नव्हते. कंपनीचं नाव छातीवर लिहिलेले दोन तरुण त्यांच्याबरोबर होते, एकाच्या खांद्यावर कॅमेरा. गर्दीनं त्यांना ओळखलं, वाट करून दिली. रिया धावतच गेली. "सर, ही गाडी बघितलीत? ही तुमच्या डिझाइनची कॉपी आहे ना?"

स्टोव्हवरचा चहा उतू गेला तरी चहावाल्यानं हात हलवला नाही. कमळाकरनं उदयसिंहांकडे बघितलं. तो हसत होता. खरंच हसत होता, कारण पुढचं वाक्य त्याला माहीत होतं, आणि ते ऐकल्यावर पुढे होऊन मिठी मारायची हेही त्यानं ठरवून ठेवलं होतं.

उदयसिंहांनी कॅमेऱ्याकडे एक नजर टाकली. मग होडीकडे. मान तिरकी केली.

"कमळाकर माझा जुना मित्र," ते सावकाश म्हणाले. "हौशी माणूस. मी माझी चित्रं घरी काढायचो तेव्हापासून तो ती बघत आलाय. त्यानं आपल्या परीनं तिच्यासारखी करायचा प्रयत्न केला, ह्याचं मला कौतुकच आहे. हाताचं काम आहे, थोडं इकडेतिकडे होणारच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कमळाकरसाठी वाजवल्या, प्रेमानं वाजवल्या. कुणीतरी त्याच्या पाठीवर थापही मारली. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथे तर पारध्याच्या घरात घुसून ससा नेला होता आणि वर पारध्यालाच शाबासकी मिळत होती.

"काका, बोला!" दीपेश ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "अहो बोला ना काहीतरी! हे काय चाललंय?"

कमळाकर चालत उदयसिंहांच्या अगदी समोर गेला. त्यांची नजर चहाच्या ग्लासाकडे वळली होती. त्यानं ती वर यायची वाट बघितली. ती आली नाही.

"उदयराव," तो हळू बोलला, "पुठ्ठं तुमी नेलं, रेघ नेली, नाव पन नेलं. ऱ्हाऊं दे. पन आता माज्या गाडीकडं बगू नका. परत कदी बगू नका."

त्यानं होडीचं दार उघडलं, आत बसला. दीपेश शेजारी येऊन बसला. गर्दीनं हात हलवून त्यांना निरोप दिला. नवीन पनवेलच्या सिग्नलला एक स्कूटरवाला थांबला आणि त्यानं अंगठा वर केला. "मस्त जमलीय हां!" कमळाकर समोर बघत राहिला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

घरी दारातच आशालता उभी होती. भाकऱ्या तिनं चार माणसांच्या केल्या होत्या. तिनं रस्त्याकडे वाकून बघितलं, मागून आणखी कुणी येतंय का ते.

"भाऊजी नाय आलं? भेटलं ना पन तुमाला?"

"नाय," कमळाकर बोलला. "कोन भेटलाच नाय."